बेत पुदुच्चेरीचा

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली. या एकोणीस वर्षांत आम्ही दोघांनी मिळून प्रवास पुष्कळ केला. लातूरची लग्ने, हैदराबादचे चाळीसावे, नातेवाइकांना पाहायला सोलापूरचे दवाखाने, मुलांच्या परीक्षा. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी बरोबर होते आणि काही ना काही काम होते. फक्त आम्ही दोघे आणि काम काहीच नाही, असा एकही प्रवास आठवत नाही.

हे लक्षात आले ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. यांच्या छातीत दुखू लागले म्हणून रात्रीच सोलापूर गाठावे लागले. एक स्टेंट बसवला. अलहमदुलिल्लाह, वेळेवर पोहोचलो. तिसऱ्या रात्री दवाखान्याच्या खोलीत सलाईन चालू असताना हे म्हणाले, "तुझ्या लक्षात आलं का? आपण दोघंच एका खोलीत सलग तीन दिवस राहतोय, ते लग्नानंतर पहिल्यांदाच." आधी हसू आले. मग कितीतरी वेळ दोघांपैकी कुणी काही बोलले नाही. घरी परतताना तुळजापूरचा घाट चढत असताना आम्ही ठरवून टाकले, की येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठेतरी जायचे. चारच दिवस, पण दोघांनीच. आणि कारण दवाखान्याचे नसावे.

स्वप्न बघायला पैसे लागत नाहीत, म्हणून आम्ही आधी थेट पॅरिस काढले. हे इतिहास शिकवतात. फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा शिकवताना बॅस्तीलच्या तुरुंगापर्यंत पोरांना नेऊन आणतात, पण स्वतः मुंबईच्या पलीकडे गेलेले नाहीत. आमच्या उर्दूच्या बाजूने पाहिले तर पॅरिस म्हणजे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांचे शहर. १९०८ साली हैदराबादेत जन्मलेला, उस्मानिया विद्यापीठात शिकलेला हा आपल्या जुन्या संस्थानचा माणूस. १९४८ नंतरचे त्यांचे बहुतेक आयुष्य पॅरिसमध्ये गेले आणि तिथेच त्यांनी कुरआन शरीफचा फ्रेंच अनुवाद केला. पॅरिसची मोठी मशीदही मनात होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढताना शहीद झालेल्या मुसलमान सैनिकांच्या आठवणीखातर ती उभारली आणि जुलै १९२६ मध्ये तिचे उद्घाटन झाले. म्हणजे यंदा तिला शंभर वर्षे होतात.

मग वहीत हिशेब मांडला. व्हिसाची फी माणशी ९० युरो. तीस हजार युरोपर्यंतचा प्रवासविमा काढल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. त्यावर दोघांचे विमानभाडे आणि चार रात्रींचे हॉटेल. बेरीज उमऱ्यासाठी साठवलेल्या रकमेच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. ते पैसे आम्ही वेगळ्या खात्यात ठेवले आहेत आणि त्यांना हात लावायचा नाही, हे सांगावे लागले नाही. दोघांनी एकाच वेळी वही मिटली. अम्मी शेजारी तसबीह घेऊन बसल्या होत्या. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे मगरीब दहाला आणि इशा जवळजवळ मध्यरात्री, हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग ते लोक झोपतात कधी? आणि फजरला उठतात कसे?" पॅरिसचा विषय तिथेच संपला.

तोडगा काढला आमच्या मुलीने. ती बारावीच्या अभ्यासातून मान वर करून म्हणाली, "फ्रेंचच ऐकायचं असेल तर पुदुच्चेरीला जा ना. पासपोर्टसुद्धा लागत नाही."

पुदुच्चेरी फ्रेंच बोलणारे शहर आहे, असे म्हटले तर ते पूर्ण खरे नाही. घराघरात आणि बाजारात तिथे तमिळच बोलतात. पण फ्रेंचही तिथे अजून जिवंत आहे. १ नोव्हेंबर १९५४ रोजी फ्रान्सने या शहराचा कारभार भारताकडे सोपवला आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी कायद्यानेही ते भारतात आले. त्या वेळी तिथल्या लोकांना फ्रेंच नागरिकत्व ठेवण्याची मुभा होती. काही हजारांनी ते ठेवले आणि त्यांची मुले-नातवंडे आजही फ्रान्सच्या निवडणुकीत मत देतात. १८२६ साली सुरू झालेली फ्रेंच शाळा अजून भरते, म्हणजे तिलाही यंदा दोनशे वर्षे होतात. रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच आणि तमिळ अशा दोन भाषांत आहेत आणि पोलिसांच्या डोक्यावर अजून लाल फ्रेंच टोपी दिसते.

नकाशा समोर ठेवून यांनी मग वर्गच घेतला. समुद्रालगत पूर्वेला फ्रेंचांची वस्ती, पश्चिमेला तमिळ वस्ती आणि मध्ये एक कालवा. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. १७६१ मध्ये इंग्रजांनी हे शहर पार जमीनदोस्त केले होते. आज दिसणारी पिवळ्या भिंतींची घरे त्यानंतरची. पण आम्हाला सगळ्यात नवल वाटले ते या शहराच्या जन्माचे. समुद्रकाठचे हे गाव फ्रेंच कंपनीला दिले कुणी? विजापूरच्या आदिलशाहीचा तिकडचा सुभेदार शेरखान लोदी याने, १६७३ मध्ये. दुसऱ्या वर्षापासून फ्रँस्वा मार्तँ या फ्रेंच अधिकाऱ्याने तिथे ठाण मांडले. ही तीच आदिलशाही, जिच्या काळात आपल्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून पाणीमहाल बांधला गेला. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयावर गेलेल्या शिवाजी महाराजांनी या शेरखानाचा पराभव केला. मार्तँने महाराजांकडे वकील पाठवून गाव राखण्याची परवानगी मिळवली. म्हणजे आपण परक्या गावाला चाललो आहोत असे काही नाही. त्याच्या पहिल्याच पानावर आपल्या मुलखाची माणसे आहेत.

आणखी एक हकीकत या वर्गात निघाली आणि ती आमच्या मनात राहून गेली. १७४० च्या सुमारास मराठा फौजा कर्नाटकात उतरल्या, तेव्हा चंदासाहेब या सरदाराचे कुटुंब पुदुच्चेरीला फ्रेंच गव्हर्नर द्युमा याच्या आश्रयाला गेले. रघूजी भोसल्यांनी मागणी करूनही द्युमाने त्यांना हवाली केले नाही. याच नावाचा रस्ता तिथे आजही आहे. खुद्द चंदासाहेब मात्र १७४१ मध्ये पकडले गेले आणि सात वर्षे साताऱ्याला कैदेत राहिले. बेगम पुदुच्चेरीच्या समुद्राकाठी आणि मियाँ साताऱ्याच्या डोंगरात. लढाई कुणी जिंकली, तह कधी झाले, हे सगळे पुस्तकात मिळते. त्या सात वर्षांत त्या दोघांनी एकमेकांची आठवण कशी काढली असेल, ते कुठल्या पुस्तकात नसते. आमच्या घरात तर भिंतही आड नाही. तरी दिवसभरात आमचे बोलणे होते ते गॅस संपला, फी भरायची आहे आणि गोळी घेतली का, एवढेच.

आता प्रत्यक्ष बेत सांगतो. आमच्यासारखे कुणी जाणार असतील तर त्यांच्या उपयोगी पडेल.

रेल्वेचे आरक्षण हल्ली साठ दिवस आधी सुरू होते. ६ मेच्या गाडीचे आरक्षण ७ मार्चला उघडणार होते. तेव्हा रमजानचा दुसरा अशरा चालू होता. सहेरी झाली, फजर झाली, पण झोपायचे धाडस झाले नाही. सकाळी आठला हे एका मोबाईलवर आणि लेक दुसऱ्यावर, असे बसले. तिकीट मिळाले, खालचा एक आणि मधला एक बर्थ. परतीचे तिकीट ११ मार्चला अशाच रीतीने काढले. धाराशिवहून सोलापूर एसटीने दीड-दोन तास. तिथून मुंबई–चेन्नई मार्गावरची रात्रीची गाडी. कलबुर्गी, रायचूर, गुंतकल करत दुसऱ्या दिवशी चेन्नई. चेन्नईहून पुदुच्चेरी साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटर आणि समुद्राकाठच्या रस्त्याने बसला सुमारे चार तास. वाटेत महाबलिपुरम लागते, पण तिथे उतरायचे नाही, असे ठरले आहे. चार दिवसांत सगळे पाहायला निघालो तर एकमेकांना पाहायचे राहून जाईल.

गुरुवारी रात्री पोहोचायचे. शुक्रवार आणि शनिवार पूर्ण राहायचे. रविवारी दुपारी निघायचे आणि सोमवारी सोलापूर. एवढाच बेत.

उन्हाचा विचार सगळ्यात आधी केला. तिकडे मेच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंतच्या उन्हाला 'अग्नि नक्षत्रम्' म्हणतात. आपल्याला बालाघाटावरच्या कोरड्या उन्हाची सवय आहे. इथे सावलीत गेले की बरे वाटते. समुद्राकाठी सावलीतही घामाच्या धारा लागतात. त्यात यांचा स्टेंट. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, सकाळ-संध्याकाळ चाला, दुपारी खोलीत राहा, पाणी भरपूर प्या आणि गोळ्या चुकवू नका. म्हणून अकरा ते साडेचार खोलीबाहेर पाऊल टाकायचे नाही. पहिल्यांदा वाटले, अर्धा दिवस वाया जाणार. मग लक्षात आले, की बोलायला खरी फुरसत तेव्हाच मिळणार आहे.

फ्रेंच वस्तीतल्या जुन्या वाड्यांची हॉटेले झाली आहेत आणि त्यांचे दर आम्हाला झेपणारे नाहीत. कालव्याच्या अलीकडे तमिळ वस्तीत साधी, स्वच्छ खोली बघितली. तिथून समुद्र चालत गाठता येतो. समुद्राकाठचा गुबेर अव्हेन्यू हा रस्ता संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत वाहनांना बंद असतो. गांधीजींचा मोठा पुतळा, १८३६ चा जुना दीपस्तंभ आणि पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे स्मारक, सगळे याच रस्त्यावर. एक गोष्ट आम्हाला फार आवडली. कोकणात समुद्रावर सूर्य मावळताना पाहायला लोक जातात. तिकडे समुद्र पूर्वेला, म्हणजे सूर्य समुद्रातून उगवतो. मेमध्ये पावणेसहाच्या सुमारास. फजरची नमाज झाली की थेट समुद्रावर. एरवी त्या वेळेला घरात आम्ही दूध, डबे आणि पाण्याची मोटर यांच्यामागे असतो. पाण्यात मात्र उतरायचे नाही. तिथला काठ खडकांचा आहे आणि लाटांना ओढ फार.

जुम्याची नमाज शुक्रवारी तिथेच होईल. शहराच्या दक्षिण भागात मुस्लिम मोहल्ला आहे. काझी स्ट्रीट, मुल्ला स्ट्रीट अशी नावे नकाशावर वाचूनच ओळखीचे वाटले. पण तिथले मुसलमान तमिळ बोलतात. आपली उर्दू तिथे फारशी चालणार नाही, सलामाने काम होईल तेवढे होईल. त्या किनाऱ्यावरचे बरेच लोक आपल्या कोकणी मुसलमानांसारखे शाफई आहेत. त्यामुळे असरची अजान आपल्या हनफी वेळेपेक्षा लवकर होते, हे ध्यानात ठेवायचे. आपण मुसाफिर असल्यामुळे जोहर, असर आणि इशाच्या चार रकात फर्जांच्या दोनच. खाण्याचा प्रश्नही याच मोहल्ल्यात सुटतो. बाकी वेळी केळीच्या पानावरचा साधा भात-सांबार आणि इडली आहेच. फ्रेंच पद्धतीच्या उपाहारगृहांत मद्यही ठेवतात, तिथे जायचे कारण नाही. पण बेकरीतला ताजा फ्रेंच पाव चहात बुडवून खायचा, हे यांचे आधीच ठरले आहे. डॉक्टरांनी लोणी सोडायला सांगितले आहे, पावाबद्दल ते काही बोलले नाहीत.

नागोर शरीफला जाऊन यावे, असेही एक मत घरात निघाले. पण ते दक्षिणेला कारैकालच्याही पुढे, जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. तो बेत पुढच्या वेळेसाठी ठेवला.

खर्चाची मर्यादा तीस हजार. प्रवास, खोली, जेवण, रिक्षा सगळे त्यात. त्यासाठी एक पाकीट केले आणि जानेवारीपासून दोघांच्या पगारातून थोडे थोडे त्यात टाकले. ईदला आमच्या दोघांचे नवे कपडे शिवले नाहीत. मुलांचे आणि अम्मींचे शिवले.

एक धाकधूक आहे. यंदा जनगणनेच्या घरयादीचे काम निघणार आहे आणि ते आम्हा शिक्षकांकडेच येते. दोघांपैकी एकाचेही नाव त्याच तारखांना लागले तर तिकिटे रद्द करावी लागतील. तसे झाले तर सुट्टी संपायच्या आत दोन दिवस नळदुर्गला तरी जायचे, असेही लिहून ठेवले आहे. पाणीमहालाला मेमध्ये पाणी नसेल, पण भिंती तर आहेत.

हॉटेलसाठी दोघांची आधार कार्डे काढली, तेव्हा लक्षात आले की एकावर अजून माहेरचेच आडनाव आहे. कुणी अडवू नये म्हणून निकाहनाम्याची झेरॉक्स बरोबर ठेवावी, असे वाटले. लोखंडी कपाटातल्या तळाच्या पिशवीतून निकाहनामा काढला. काझीसाहेबांचे वळणदार उर्दू अक्षर, महरची रक्कम, तारीख. एका गवाहाच्या सहीवर दोघांचेही बोट थांबले. मामू होते ते. त्यांना जाऊन आठ वर्षे झाली. झेरॉक्स काढायला निघालेले आम्ही अर्धा तास तिथेच फरशीवर बसून त्या दिवसाबद्दल बोलत राहिलो. पाऊस किती होता, बिर्याणी कशी कमी पडली, कोण रुसले होते. इतक्या वर्षांत तो कागद आम्ही एकत्र कधी वाचलाच नव्हता.

लोकांनी काय काय म्हटले, तेही सांगायला हवे. शिक्षकखोलीत चेष्टा झाली, "या वयात हनिमून?" शेजारच्या खाला म्हणाल्या, "मुलांना टाकून कसं जायचं? त्यापेक्षा सगळ्यांना घेऊन अजमेरला जा." धाकटा तर दोन दिवस फुगून बसला होता. या सगळ्यांत आम्हाला भीती होती ती अम्मींची. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे धरलेले आहेत. त्यांना सोडून जाण्याचा विषय काढायलाच आम्हाला आठ दिवस लागले. आधी म्हटले, "अम्मी, तुम्हीही चला." त्या म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांना जिना चढवत नाही, रेल्वे कुठून चढवेल?" मग यांनी चाचरत सांगितले की दोघेच जावे असा विचार आहे, तुळजापूरहून आपा चार दिवस राहायला येतील.

अम्मींनी तसबीह खाली ठेवली. म्हणाल्या, "सफरीत हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम हजरत आयशांबरोबर पळण्याची शर्यत लावत होते, हे बयानात ऐकलंय ना? मग विचारता काय? जा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमचे अब्बू मला मुंबईला नेतो म्हणायचे. समुद्र दाखवतो म्हणायचे. आधी शेत, मग मुलं, मग त्यांचं आजारपण. म्हणतच राहिले."

त्या रात्री बेत पक्का झाला. त्याआधी तो नुसता वहीत होता.

आता आपांना घरातले सगळे कागदावर लिहून दिले आहे. अम्मींच्या गोळ्यांच्या वेळा, नळाला पाणी येण्याचा दिवस, धाकट्याला काय चालत नाही. बकरी ईद मेच्या अखेरीला येते, त्याआधी आम्ही परत असू. लेकीने चार फ्रेंच शब्द पाठ करून घेतले. बोंजूर म्हणजे नमस्कार, मेर्सी म्हणजे शुक्रिया. रस्त्यांच्या पाट्या वाचायला तिने 'रू' शिकवला. फ्रेंचमध्ये रस्त्याला रू म्हणतात. उर्दूत रू म्हणजे चेहरा. त्यावरून हे म्हणाले, "म्हणजे तिथे प्रत्येक कोपऱ्यावर लिहिलंय, चेहरा बघा." व्याकरण चुकीचे आहे, पण आम्ही दुरुस्त केले नाही.

बॅग अजून भरलेली नाही. फक्त एक रिकामी प्लास्टिकची छोटी बाटली त्यात टाकून ठेवली आहे. अम्मींनी दिली. म्हणाल्या, "समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, ते मला चाखून बघायचंय. एवढी भरून आणा."

आणतो, अम्मी. इन्शाअल्लाह.